वारा ते वायर: तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की पवनचक्कीची पाती सगळ्यांना दिसतात पण पाती आणि ग्रिड (विजेच्या तारांचं जाळं) यांच्यामध्ये जो पॉवर कन्व्हर्टर, म्हणजे वीज ग्रिडला चालेल अशी करून देणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र, बसलेला असतो त्याच्याशिवाय आजची पवनचक्की चालूच शकत नाही, आणि ते तंत्र बरंचसं विद्यापीठांच्या लॅबमध्ये घडत गेलंय. त्यावर खूप पत्रं आली, व्हॉट्सॲपवर पण आली. सगळी घेता येत नाहीत, सहा घेतलीत. काही उत्तरं लांबलीत कारण प्रश्नच तसे होते.

सातारा, एक शिक्षिका: सहावीच्या मुलांना घेऊन ठोसेघर, चाळकेवाडीला गेलो होतो. वारा इतका की डब्याची झाकणं उडत होती, तरी काही पवनचक्क्या फिरत होत्या आणि शेजारच्याच काही ढिम्म उभ्या. मुलांनी कारण विचारलं, मला सांगता आलं नाही. आणि इतकं सावकाश फिरून वीज होते तरी कशी?

ताई, आधी दुसरा प्रश्न घेते. सावकाश फिरते असं आपल्याला लांबून वाटतं. समजा ८० मीटर व्यासाचं चक्र मिनिटाला १७ फेरे मारतंय, तर पात्याचं टोक ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास धावत असतं. मुलांना हे गणित करायला द्या, परीघ काढायचा, १७ ने गुणायचं आणि मिनिटाचा तास करायला ६० ने, त्यांना मजा येईल. पण जनरेटरला मिनिटाला साधारण १५०० फेरे लागतात म्हणून मध्ये गिअरबॉक्स असतो जो १७ चे १५०० करतो. काही कंपन्यांच्या मशिनमध्ये गिअरबॉक्स नसतोच, त्यात जनरेटरच भलामोठा चकतीसारखा केलेला असतो आणि तो सावकाशच फिरतो.

आता उभ्या का होत्या. वारा सेकंदाला ३ ते ४ मीटरच्या खाली असेल तर मशिन चालू होत नाही, २५ मीटरच्या वर गेला की स्वतःला वाचवायला थांबते, पण तुम्ही सांगताय त्या दिवशी शेजारची फिरत होती म्हणजे हे कारण नसावं. मग उरतं काय, तर मेंटेनन्स चालू असणं, काहीतरी बिघडून सुट्या भागाची वाट बघणं, किंवा ग्रिडवर वीज जास्त झाली म्हणून विजेचा ताळमेळ बघणाऱ्या लोड डिस्पॅच सेंटरने कमी करायला सांगणं. चाळकेवाडीच्या पठारावरच्या बऱ्याच मशिनी जुन्या आहेत, ज्यांचा फिरण्याचा वेग ठरलेला असतो. जनरेटर थेट ग्रिडला बांधलेला, ग्रिड ५० हर्ट्झवर म्हणजे सेकंदाला ५० लाटांवर, त्यामुळे वारा कितीही बदलो चक्राने त्याच वेगाने फिरायचं. म्हणजे एकाच गिअरमध्ये अख्खा घाट चढायचा आणि उतरायचा पण त्याच गिअरमध्ये. वाऱ्याचा झोत आला की तो सगळा दणका गिअरबॉक्सच्या दातांवर जातो आणि वर्षानुवर्षं असं झालं की दाते आणि बेअरिंग खराब होतात.

मुलांना अजून एक सांगा. वाऱ्यातली सगळी ऊर्जा काढून घेता येत नाही. सगळी काढली तर हवा पात्यामागे जागच्या जागी थांबेल आणि मागून येणाऱ्या वाऱ्याची वाट अडेल. जास्तीत जास्त ५९.३ टक्के काढता येते, हे जर्मनीत गॉटिंगनला अल्बर्ट बेट्झ यांनी १९२० च्या सुमाराला गणिताने दाखवलं आणि शंभर वर्षांत त्याच्या वर कुणी गेलेलं नाही.

कोल्हापूर, एक वाचक: आमच्या चार मजली बिल्डिंगच्या गच्चीवर बसवायला ऑनलाइन १ किलोवॅटची पवनचक्की मिळतेय. घ्यावी का?

नका घेऊ. वाऱ्यातली पॉवर वेगाच्या घनाने वाढते, वेग दुप्पट तर पॉवर आठपट, आणि कमी होताना पण तशीच कमी होते. ते १ किलोवॅट सहसा सेकंदाला १२ मीटर वाऱ्याला लिहिलेलं असतं. शहरात गच्चीवर ४ मीटर मिळाला तरी खूप, म्हणजे वेग एकतृतीयांश, पॉवर एकसत्तावीसांश, हाताशी आले ३७ वॅट. त्यात आजूबाजूच्या बिल्डिंगमुळे वारा गिरक्या घेत येतो, दर मिनिटाला दिशा बदलतो, स्लॅबला व्हायब्रेशन जातं ते वेगळंच. तेवढ्या पैशात सोलर बसवा.

साक्री तालुका, एक शेतकरी: आमच्याकडे ब्राह्मणवेल भागात पवनचक्क्या आल्यापासून लोक म्हणतात की त्या ढग पळवून लावतात, पाऊस कमी झाला. यात काही खरं आहे का? नीट सांगा, उडवून लावू नका.

दादा, उडवून कसं लावेन, पावसावर तुमचं वर्ष अवलंबून असतं. हा प्रश्न मला साताऱ्यातल्या लोकांनी पण विचारलाय.

पाऊस देणारा ढग कित्येक किलोमीटर जाड असतो आणि त्याला लागणारी वाफ अरबी समुद्रावरून शेकडो किलोमीटर रुंदीच्या वाऱ्यातून येते. पवनचक्की त्यातला जमिनीजवळचा शंभर दीडशे मीटरचा थर तेवढा थोडा मंद करते, आणि तो वारा काही किलोमीटर पुढे गेला की परत पूर्ववत होतो. चाळकेवाडी आणि वनकुसवडेचं पठार बघा, जुलैमध्ये तिथे ढग इतके खाली येतात की पाती ढगात फिरत असतात आणि तिथेच खालच्या कोयनेच्या खोऱ्यात धो धो पाऊस पडतो. ढग पळत असते तर सगळ्यात आधी तिथून पळाले असते. तुमचा भाग सह्याद्रीच्या पलीकडे पर्जन्यछायेत येतो, मशिनी यायच्या आधीपासून. कंपन्या वारा बघून आल्या, आणि उघड्या माळावरचा जोरदार वारा आणि कमी पाऊस या दोन्ही गोष्टी तिथे आधीच एकत्र होत्या.

पण काहीच परिणाम होत नाही असं पण मी म्हणणार नाही. सोमनाथ बैद्य रॉय अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात असताना त्यांनी कॅलिफोर्नियातल्या पवनचक्क्यांजवळची तापमानं तपासली होती, ते काम २०१० साली छापून आलं. पात्यांमुळे वरची आणि खालची हवा मिसळते, म्हणून मशिनींच्या मागे जमिनीलगत रात्री थोडं गरम आणि दिवसा थोडं गार होतं. फरक लहान आणि जवळपासचाच. रात्रीचं दव आणि थंडी यांच्याशी ज्या पिकांचं नातं आहे त्यांच्यावर काय होतं हे आपल्या भागात शेतात थर्मामीटर लावून मोजायला हवं असं मला मनापासून वाटतं, एखाद्या कृषी आणि इंजिनीअरिंग कॉलेजने मिळून घेण्यासारखा विषय आहे. जमिनीचा मोबदला, रस्त्यांची धूळ, रात्रीचा आवाज हे तुमचे प्रश्न खरे आहेत, त्यांच्यावर जोर लावा. पावसाचा आरोप पुढे केला की समोरच्याला ते बाकीचे प्रश्न पण त्याच टोपलीत टाकता येतात.

सांगली जिल्हा, निवृत्त सबस्टेशन ऑपरेटर: आमच्या वेळी लाइनवर जरा फॉल्ट झाला की पवनचक्क्यांचा अख्खा फीडर, म्हणजे त्यांची वीज आणणारी लाइन, ट्रिप होऊन बंद पडायचा. आणि रिॲक्टिव्ह इतकं ओढायच्या की व्होल्टेज बसायचं. आता म्हणतात नव्या मशिनी ग्रिडला उलट मदत करतात. खरं आहे का?

काका, तुम्ही बघितलंत ते अगदी बरोबर. जुन्या मशिनमध्ये साधा इंडक्शन जनरेटर, त्याला रिॲक्टिव्ह पॉवर, म्हणजे काम न करता नुसतं चुंबकत्व उभं ठेवायला येजा करणारी पॉवर, ग्रिडकडूनच लागते, कपॅसिटर बँक लावली तरी पुरत नाही. आणि त्या काळी ट्रिप होणं हाच नियम होता, गडबड झाली की बाजूला व्हा. मशिनी थोड्या होत्या तोवर चाललं. हजारो मेगावॅट झाल्यावर सगळ्या एकदम बाजूला झाल्या तर ग्रिडच कोसळेल, म्हणून केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने नियम आणला की व्होल्टेज १५ टक्क्यांपर्यंत खाली बसलं तरी ३०० मिलिसेकंद मशिनने जोडलेलं राहायचं. ३०० मिलिसेकंद म्हणजे पंधरा सायकल, तेवढ्यात तुमचा ब्रेकर फॉल्ट तोडून मोकळा झालेला असतो.

हे ऐकायला सोपं पण मशिनच्या आत त्या वेळी काय होतं बघा. वारा तर वाहतोच आहे, पाती पॉवर देतायत, आणि ग्रिड घ्यायला तयार नाही. कन्व्हर्टर आधी एसीचं डीसी करतो आणि मग परत एसी, त्या मधल्या डीसी लिंकचं व्होल्टेज वर चढायला लागतं. मग ती पॉवर चॉपर नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच लावून रेझिस्टरमध्ये जाळतात, किंवा ज्याचा रोटर, म्हणजे जनरेटरचा फिरता भाग, कन्व्हर्टरला जोडलेला असतो त्या प्रकारात रोटर क्रोबार नावाच्या संरक्षक स्विचने शॉर्ट करतात, आणि पाती जागच्या जागी कलती करून वाऱ्याची पकड सोडवतात. क्रोबार लावला की मशिन तेवढ्यापुरती परत तुमच्या जुन्या इंडक्शन मशिनसारखी वागते, रिॲक्टिव्ह ओढते, नेमकी नको तेव्हा. त्यामुळे क्रोबार कधी काढायचा यावर किती पीएचड्या झाल्यात मोजता येणार नाहीत.

आणि एवढं करूनही चूक कुठे राहते ते दक्षिण ऑस्ट्रेलियात दिसलं. २८ सप्टेंबर २०१६, वादळात टॉवर पडले, दोन मिनिटांत सहा वेळा व्होल्टेज बसलं. मशिनी प्रत्येक वेळी टिकल्या. पण काहींच्या सॉफ्टवेअरमध्ये ठराविक वेळात किती झटके सोसायचे याचा आकडा घातलेला होता आणि तो ओलांडला गेला, सात सेकंदांच्या आत ४५६ मेगावॅट गेले, मग शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यातून येणाऱ्या लाइनवर सगळा भार पडला, ती ट्रिप, आणि अख्खं राज्य अंधारात, साडेआठ लाख ग्राहक. हार्डवेअर चांगलं होतं, घात सेटिंगमधल्या एका आकड्याने केला आणि तो आकडा ग्रिड चालवणाऱ्यांना माहीतच नव्हता. नंतर सेटिंग बदलल्या.

मदत करतात का, याचं उत्तर अर्धं हो. आज बहुतेक कन्व्हर्टर भजनातल्या टाळकऱ्यांसारखे असतात, पखवाजाचा ठेका ऐकून टाळ वाजवायचा. ग्रिडचं व्होल्टेज ऐकतात आणि त्या तालावर करंट सोडतात, रिॲक्टिव्ह पण मागाल तेवढं देतात, पण पखवाज थांबला तर सगळे गोंधळतात. आता संशोधन चाललंय ते कन्व्हर्टरने स्वतः ठेका धरावा यावर. याचं एक मूळ १९९३ सालच्या एका पेपरात आहे, मुकुल चांदोरकर, दीपक दिवाण आणि राम अडापा यांचा. अनेक इन्व्हर्टर, म्हणजे डीसीचं एसी करणारे कन्व्हर्टर, एकमेकांशी कसलीही वायर न जोडता लोड कसा वाटून घेतील, तर ज्याच्यावर जास्त लोड आला त्याने आपली फ्रिक्वेन्सी किंचित खाली सोडायची, बाकीच्यांना ते आपोआप कळतं. तुम्ही म्हणाल यात नवीन काय, आमच्या अल्टरनेटरचे वेग सांभाळणारे गव्हर्नर हेच करायचे. तेच तर! जुन्या मशिनचा स्वभाव इलेक्ट्रॉनिक्समध्ये उतरवला. चांदोरकर सरांनी हे काम अमेरिकेत विस्कॉन्सिनला केलं आणि मग आयआयटी मुंबईत शिकवायला आले. तीस वर्षांनी सगळं जग ग्रिड फॉर्मिंग म्हणून ज्याच्या मागे आहे त्यात ही कल्पना पायाशी आहे.

नाशिक, एक आई: मुलगा इलेक्ट्रिकल इंजिनीअर झालाय, पवनऊर्जेत मास्टर्स करायला डेन्मार्कलाच जायचं म्हणतोय. एवढासा देश, तिथेच काय आहे?

ताई, मुलाचं म्हणणं वाऱ्यावरचं नाही. तिथल्या आस्कोव नावाच्या गावात एका लोकशाळेत पॉल ला कूर नावाचे शिक्षक होते, त्यांनी १८९१ मध्ये सरकारी मदतीने पवनचक्कीपासून वीज करायला सुरुवात केली. वारा कधी असतो कधी नसतो हा प्रश्न त्यांना तेव्हाच पडला होता, म्हणून त्या विजेने पाण्यातून हायड्रोजन काढून साठवायचे आणि शाळेतले दिवे त्यावर लावायचे. आज हरित हायड्रोजन म्हणून जे ऐकतो ते एकशेतीस वर्षांपूर्वी एका गावच्या शाळेत चालू होतं. ते गावोगावच्या मुलांना वीजतंत्री म्हणून तयार करायचे, त्यातल्या योहानेस यूल या विद्यार्थ्याने पुढे १९५७ मध्ये गेडसरला २०० किलोवॅटची तीन पात्यांची मशिन उभी केली, जी दहा वर्षं फार मेंटेनन्स न करता चालली. १९७८ मध्ये ट्विंड इथल्या शाळेच्या शिक्षक आणि विद्यार्थ्यांनी ५४ मीटर व्यासाची मशिन स्वतः बांधली आणि तिच्यात कन्व्हर्टर घालून चक्राला वाऱ्याप्रमाणे कमीजास्त वेगाने फिरू दिलं, जे मोठ्या कंपन्यांना करायला पुढे बरीच वर्षं लागली. आज त्या देशाची निम्म्याहून जास्त वीज वाऱ्याची आहे.

ऑल्बोर्ग विद्यापीठात फ्रेडे ब्लाबियर्ग यांचा ग्रुप पॉवर इलेक्ट्रॉनिक्समध्ये जगात अगदी वरचा आहे आणि तिथली शिकवायची पद्धतच प्रोजेक्टची आहे, दर सेमिस्टरला मुलं ग्रुपमध्ये एक खरा प्रश्न घेऊन बसतात. युरोपबाहेरच्या मुलांना फी मात्र भरावी लागते, तो हिशोब आधी करा. आणि त्याला एवढं विचारा की आपल्याकडे आयआयटी मुंबई, बंगळुरूची आयआयएससी, चेन्नईची राष्ट्रीय पवनऊर्जा संस्था यांचं काम बघितलंस का. बघून मग जायचं म्हणाला तर खुशाल पाठवा. आपला दमट पावसाळा कन्व्हर्टरला काय करतो यावर काम करणारी माणसं लागणार आहेत. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या अभ्यासात दिसलंय की कन्व्हर्टर खराब होण्यात ओलावा आणि बाष्पाचा वाटा मोठा असतो, नुसतं गरम गार होण्याने थकून जाणं हे कारण आधी समजत होते तितकं नाही.

इस्लामपूर, थर्ड इयर इलेक्ट्रिकल: मॅडम, फायनल इयर प्रोजेक्टला विंड घ्यायचंय. जनरेटर डीएफआयजी घेऊ का पर्मनंट मॅग्नेट? सगळे मॅटलॅबमध्ये फझी एमपीपीटी करतात, मी पण तेच करू का?

फझी एमपीपीटी, म्हणजे जास्तीत जास्त पॉवर देणारा वेग फझी लॉजिकने सतत शोधत राहणं, करू नकोस, आणि मी हे रागाने नाही सांगत. खऱ्या २ मेगावॅटच्या चक्राचं जडत्व इतकं असतं की ते प्रत्येक झुळकीमागे धावूच शकत नाही. जनरेटरचा टॉर्क वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात ठेवला की मशिन आपोआप चांगल्या वेगाला येऊन बसते, आणि बऱ्याच खऱ्या मशिनी याच साध्या नियमावर चालतात. स्क्रीनवर ०.०१ सेकंदात सेटल होणारा ग्राफ बघून तुला पवनचक्कीचं काही कळणार नाही.

डीएफआयजी घे. म्हणजे डबली फेड इंडक्शन जनरेटर, स्टेटर म्हणजे न फिरणारा भाग थेट ग्रिडला, आणि रोटर शाफ्टवरच्या स्लिप रिंगमधून कन्व्हर्टरला. यातली सुंदर गोष्ट ही की कन्व्हर्टरला फक्त स्लिपची, म्हणजे ग्रिडने ठरवलेला वेग आणि मशिनचा वेग यांतल्या फरकाची, पॉवर हाताळायची असते, वेग तीस टक्के खालीवर होऊ दिला तर कन्व्हर्टर पण साधारण तीस टक्केच लागतो, २ मेगावॅटच्या मशिनला ६०० किलोवॅट पुरे. पर्मनंट मॅग्नेटवाल्याला सगळे २ मेगावॅट कन्व्हर्टरमधून न्यावे लागतात, बदल्यात ब्रश नाहीत, ग्रिडच्या दणक्यापासून मशिन सुटी राहते, पण निओडिमियमची लोहचुंबकं लागतात. आता समुद्रातल्या मोठ्या मशिनींमध्ये हाच प्रकार पुढे आहे. स्लिपची पॉवर वाया न घालवता परत आणायची ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी, आर्थर शेर्बियसची, ज्याने एनिग्मा हे गुप्तलेखनाचं मशिन बनवलं तोच माणूस. पण ती वाऱ्याला चपखल बसली ती वेक्टर कंट्रोल ही करंट नेमका सांभाळायची पद्धत आणि आयजीबीटी हे मोठी पॉवर पटपट चालूबंद करणारे स्विच आल्यावर. नॉटिंगहॅम विद्यापीठातून पेना, क्लेअर आणि अ‍ॅशर यांचा १९९६ चा पेपर आला, दोन कन्व्हर्टर पाठीला पाठ लावून लॅबमध्ये चालवून दाखवलेला, तो ओळ न ओळ वाच. मग राजीब दत्ता आणि व्ही. टी. रंगनाथन यांचे आयआयएससीचे २००२ च्या आसपासचे पेपर वाच, रोटरची पोझिशन सेन्सर न लावता कशी काढायची आणि ही पद्धत बाकीच्यांपेक्षा किती जास्त ऊर्जा देते, सगळं मशिन चालवून, आकडे मोजून लिहिलेलं.

आता तुझ्या कॉलेजच्या मशीन लॅबमध्ये जा. एका कोपऱ्यात स्लिप रिंग इंडक्शन मोटर असणार, तीन किंवा पाच एचपीची, रोटर रेझिस्टन्स स्टार्टरच्या प्रॅक्टिकलला वापरतात ती. तुझा जनरेटर तोच आहे. डीसी शंट मोटर तिला कपल कर, ती तुझा वारा. कन्व्हर्टरच्या मागे पहिल्या दिवसापासून लागू नकोस. मी एमटेकला असताना माझ्या पहिल्या इन्व्हर्टरमध्ये डेड टाइम, म्हणजे एक स्विच बंद होऊन दुसरा चालू होईपर्यंतची मोकळी वेळ, कमी पडला आणि सहाच्या सहा आयजीबीटी एका क्षणात गेले, नवीन घ्यायला पैसे जमवण्यात सेमिस्टर गेलं. त्यामुळे आधी फक्त एवढं कर, रोटर उघडा ठेव, स्टेटरला थ्री फेज व्हेरिअ‍ॅकने कमी व्होल्टेज दे, सरांना शेजारी उभं कर, आणि डिफरन्शियल प्रोबने दोन स्लिप रिंगमधलं व्होल्टेज स्कोपवर बघ, साधा प्रोब लावलास तर ग्राउंडमधून स्कोप जाळशील. मोटर उभी असताना ५० हर्ट्झ दिसेल. डीसी मोटरने त्याच दिशेला वेग वाढवत ने, चार पोलची असेल तर १०५० फेऱ्यांना १५ हर्ट्झ होतील, व्होल्टेज पण त्याच प्रमाणात उतरेल, आणि १५०० च्या पुढे गेलास की फ्रिक्वेन्सी परत वाढायला लागेल पण फेजचा क्रम उलटा झालेला असेल, तिथूनच पुढे खरी मशिन रोटरमधूनसुद्धा ग्रिडला पॉवर देते. एका वेळी एकच व्होल्टेज बघितलंस तर क्रम उलटलेला कळणार नाही, म्हणून दोन प्रोब तरी मिळव. बरोबर १५०० ला स्क्रीनवरची लाट झोपते आणि सरळ रेघ उरते, तिचा फोटो काढून मला पाठव, मग कन्व्हर्टरचं बोलू.